अठरा तासांनी मोठा

बार्शीच्या नकाशावर ‘सुरवसे गादी कारखाना’ पुसट व्हायला लागला, तेव्हा निनाद सुरवसेला आयुष्यात पहिल्यांदा नीट घाम फुटला.

पुसट म्हणजे खरोखर पुसट. त्या काळात दुकान शोधायला कुणी मान वर करून पाट्या वाचत नसे. लोक फोनमधला नकाशा बघत. आणि नकाशाचा नियम असा, की रोज नऊ व्हिडिओ टाकेल त्याचं दुकान ठळक, पाच टाकेल त्याचं फिकट, आणि जो टाकणारच नाही त्याच्या जागी मोकळं मैदान. शेजारच्या भांडीवाल्याने मुलीच्या लग्नाच्या गडबडीत आठ दिवस काही टाकलं नाही, तर नवव्या दिवशी एक माणूस मोटारसायकल घेऊन थेट त्याच्या हंड्या-कळश्यांत शिरला. नकाशात पार्किंग दिसलं म्हणाला.

व्हिडिओ यंत्राकडून बनवून घ्यायची सोय पूर्वी होती, पण बनावट चेहऱ्यांना लोक इतके विटले, की नकाशावाल्यांनी कॅमेऱ्यालाच नाडी बघायला शिकवलं. कातडीखालून रक्त वाहतं, त्याने दर ठोक्याला गालाचा रंग केसभर बदलतो. माणसाला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. ठोके दिसले की व्हिडिओवर हिरवा ठिपका: अस्सल. नाही दिसले की व्हिडिओ गाळात. थोडक्यात, गादी विकायची तर जिवंत माणूस हवा, आणि तो रोज नऊ वेळा जिवंत हवा.

सुरवस्यांकडे जिवंत माणसं दोन. थोरला सर्वेश, ज्याला अख्खी बार्शी दादा म्हणते, आणि धाकटा निनाद. दादा एका सालच्या जानेवारीतला, निनाद त्याच सालच्या नोव्हेंबरातला. अंतर बरोब्बर दहा महिने. मधे आईने जेमतेम एकदा श्वास घेतला असेल. शाळेतही दोघे एकाच वर्गात, एकाच बाकावर होते. तरी दादा तो दादा.

दादा गाद्यांना टाके घालायचा. कापूस पिंजून झाला, खोळीत भरून झाला, की दाभण घेऊन बसायचा आणि हातभर अंतरावर एकेक टाका घालून गाठ मारायचा. दिवसाला त्याच्या तोंडून साधारण चाळीस शब्द निघत, त्यांतले तीस ‘हं’ असत. कॅमेरा समोर आला की तेही बंद. त्यामुळे बोलायचं काम निनादकडे. पण दुकान उघडायचं, गिऱ्हाइकाला कापूस दाबून दाखवायचा, टेम्पोवाल्याशी भांडायचं आणि शिवाय नऊ वेळा हसून ‘नमस्कार मंडळी’ म्हणायचं, हे एका दिवसात मावेना. दिवसच लहान पडत होता.

“दिवस लहान पडतोय ना? मग मोठा घे,” मुलाणी सर म्हणाले.

मुलाणी सरांनी दोघा भावांना बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर औद्योगिक वसाहतीतली बंद पडलेली तेलाची गिरणी घेऊन त्यांनी तिथे नवा धंदा टाकला होता. दारावर पाटी होती: ‘उंच खोली. तासाला एक दिवस. चपला बाहेर काढाव्यात.’

“डोंगरमाथ्यावरचं घड्याळ पायथ्याच्या घड्याळापेक्षा जलद चालतं,” सर सांगायला लागले. “हे कुणाचं मत नाही, मोजून झालंय. जितकं वर जाल तितका काळ भरभर. फक्त फरक इतका बारीक, की जन्मभर डोंगरावर काढला तरी पापणी लवण्याइतकाही पडणार नाही. आता काय झालं, काही शास्त्रज्ञांनी एका स्फटिकाचे कागदासारखे पातळ थर एकावर एक रचले, त्यांत वीज सोडली. तर त्या थरांच्या आतल्या जागेला वाटायला लागलं, की आपण फार उंचावर आहोत.”

“जागेला वाटायला लागलं?”

“शास्त्रात वेगळं म्हणतात. पण मी तुझे बारावीचे पेपर तपासलेत.”

“म्हणजे ही खोली उंचावर आहे?”

“काळाच्या दृष्टीने प्रचंड. तशी तळमजल्यावर आहे. गुडघेदुखीवालेही येतात.”

सरांचं गिऱ्हाईक नाना तऱ्हेचं होतं. परीक्षा परवावर आलेली पोरं आत जाऊन महिन्याचा अभ्यास करून येत, आणि बाहेर आल्यावर आई त्यांना दाढीमुळे ओळखत नसे. एक बाई कैरीचं लोणचं मुरवून न्यायच्या. एका नवरदेवाला लग्नाच्या फोटोसाठी मिशी हवी होती, तो मोकळ्या ओठांनी आत गेला आणि तिसऱ्या दिवशी हळदीला पिळदार मिशी घेऊन उभा राहिला.

खोलीला खिडकी नव्हती. ठेवून उपयोगही नव्हता. बाहेरचा उजेड आत येईपर्यंत इतका सुस्तावतो, की डोळ्यांना तो दिसतच नाही. बाहेर बोलायला भिंतीवर एक टेलिफोन होता. निनादने पहिल्या दिवशी त्यावरून बायकोला फोन केला, तर पलीकडून नुसती घरघर. ट्रान्सफॉर्मर जळाला असावा असं वाटून त्याने फोन ठेवला. ऋतुजा ‘हॅलो’ म्हणत होती, आणि ‘हॅ’ अजून पुरा व्हायचा होता.

निनादचा बेत साधा होता. सोमवारी दुकान बंद. सकाळी दहाला आत, दुपारी चारला बाहेर. बाहेर सहा तास, आत सहा दिवस. त्या सहा दिवसांत पुढच्या आठवड्याचे त्रेसष्ट व्हिडिओ उरकायचे. रविवारी रात्री ऋतुजा कडक भाकऱ्यांची चळत आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा बांधून देई. शिवाय अकरा सदरे, दोन झब्बे, एक फेटा आणि गुढीपाडव्यासाठी वेगळा चेहरा.

आत गेल्यावर कामाला गती येई. ‘गादी उन्हात घालताना होणाऱ्या सात चुका.’ ‘कापूस की फोम: पाठीला विचारा.’ ‘पाहुणे आले, गाद्या कमी पडल्या, आता कुणाला लग्नाला बोलवायचं नाही?’ सदरा बदलला की वार बदलला. संक्रांत, होळी, अक्षय तृतीया असे सण तो एका दमात साजरे करी. एकदा लागोपाठ नऊ दिवाळ्या झाल्या. नवव्या दिवाळीला ‘आपल्या माणसांसोबत’ हे शब्द उच्चारताना त्याला इतकं एकटं वाटलं, की त्याने कॅमेरा बंद करून थोडा वेळ चटणी खाल्ली.

पण खरी गंमत बाहेर आल्यावर.

पहिल्या सोमवारी चार वाजता तो घरी धावतच पोचला. सहा दिवस माणसाचं तोंड बघितलं नव्हतं. ऋतुजा ओट्यापाशी उभी होती. निनादने भरल्या डोळ्यांनी तिला मिठी मारली.

“अहो, गॅस चालू आहे,” ती म्हणाली. “आणि सकाळच्या भांडणाचं काय?”

“कुठलं भांडण?”

निनादच्या मते ते भांडण गेल्या आठवड्यातलं होतं, आणि तो त्यातून मनाने फार पुढे गेला होता. ऋतुजाच्या मते ते दुधावरच्या सायीइतकं ताजं होतं. त्या संध्याकाळी त्याला कळलं, की भांडणात हरलं तरी चालतं, पण ते विसरलेलं चालत नाही. पुढच्या सोमवारपासून तो आत जाताना भांडणाचे मुद्दे कागदावर लिहून नेऊ लागला. सहा दिवस तो कागद त्याने भिंतीला चिकटवलेला असे. चार वाजता घरी आल्यावर तो बरोबर तिथूनच सुरू करी. ऋतुजा त्यामुळे खूश असे.

दुकान ठळक झालं. सोलापूरहून, लातूरहून गिऱ्हाईक यायला लागलं. दादाचे टाकेही कसे कोण जाणे दुप्पट झाले. बाळांच्या छोट्या गाद्यांचा तर ढीगच. निनादने त्याचं श्रेय दत्तगुरूंना दिलं, कारण दादा हल्ली दर गुरुवारी एक भलीमोठी पिशवी घेऊन दत्ताच्या देवळात जायचा आणि दिवस कलल्यावर परत यायचा. केस कापायला गेल्यावर न्हावी म्हणाला, “तुम्ही दोघं भाऊ डोक्याला काय लावता? दर वीस दिवसांनी जंगल.” निनादने त्यावर ‘चांगली झोप आणि दाट केस’ असा व्हिडिओ केला.

वर्ष असं सरलं. दसरा आठवड्यावर आला.

सर प्रत्येक खेपेला एक पावती देत. तिच्यावर ‘देहवय’ लिहिलेलं असे, म्हणजे तुमचं शरीर जगापेक्षा किती पुढे गेलं तो आकडा. कायद्याने वय जन्मतारखेवरच चाले, पण डॉक्टर मंडळी औषध देण्याआधी ही पावती मागत. निनाद पावत्या फ्रीजवर लोहचुंबकाखाली अडकवून ठेवायचा. दसऱ्याआधीच्या रविवारी साफसफाई करताना तो गठ्ठा ऋतुजाच्या हातात आला. तिने बावन्न पावत्या मोजल्या. मग कॅलेंडरच्या मागे काहीतरी लिहिलं. मग हाक मारली.

“अहो, ऐका. दादा तुमच्याहून किती मोठे?”

“दहा महिने.”

“म्हणजे तीनशे चार दिवस. आणि तुम्ही आत्तापर्यंत दोनशे नव्व्याण्णव दिवस जास्तीचे जगलाय.”

निनाद हसला. मग हसायचा थांबला.

“उद्या आत गेलात की पावणेसहा दिवस आणखी,” ऋतुजा म्हणाली. “उद्या चार वाजता तुम्ही दादांपेक्षा अठरा तासांनी मोठे होणार. दसऱ्याला सोनं कुणी कुणाला द्यायचं? मला ताटाची तयारी करायची असते, आधी सांगा.”

निनाद खुर्चीत बसला. धाकटेपणा ही त्याची वडिलोपार्जित मिळकत होती. लहानपणी खोड्या दोघांनी काढायच्या आणि मार दादाने खायचा. शेवटची पुरणपोळी निनादची. लाइटचं बिल, मामांचे रुसवे, आईच्या ऑपरेशनच्या कागदावरची सही, सगळं दादाचं; निनादने फक्त दवाखान्याच्या बाकावर बसून रडायचं. वडील गेले त्या डिसेंबरात दोघेही एकोणीस वर्षांचे होते. तेव्हा निनाद पोटभर रडला. दादा रडला नाही, कारण तो दहा महिन्यांनी मोठा होता.

आणि दर दसऱ्याला निनाद आपट्याची पानं दादाच्या हातावर ठेवून वाकायचा. दादा म्हणायचा, “सोन्यासारखा राहा.” दादाच्या वर्षाच्या एकूण बोलण्यातलं ते सर्वांत लांब वाक्य होतं. उद्या चार वाजल्यानंतर ते वाक्य निनादला म्हणावं लागणार होतं, आणि ते कसं म्हणायचं हे त्याला माहीत नव्हतं.

तो खाली दुकानात गेला. दादा एका डबल गादीच्या मधोमध बसून टाके घालत होता.

“दादा, मी उद्या जात नाही.”

“हं?”

“आत. खोलीत. आत गेलो तर मी तुझ्यापेक्षा मोठा होईन. अठरा तासांनी.”

दादाने गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

“आणि नाही गेलास तर?”

“दिवाळीच्या तोंडावर आठवडाभर व्हिडिओ नाहीत. मैदान होईल आपलं.”

“मग जा की.”

“तुला काहीच वाटत नाही?”

“वाटतं ना. इथं कापूस कमी पडलाय असं वाटतं.” दादाने गादी दाबून दाखवली. “जा तू. दुकान दिसायला पाहिजे.”

निनादला राग आला. ज्याच्या मोठेपणासाठी आपण दिवाळीवर पाणी सोडायला निघालो, त्याला त्याचं काडीचं अप्रूप नाही! त्या रागाच्या भरात तो सोमवारी दहाला खोलीत शिरला.

आत त्याचं चित्त लागेना. पहिल्या दिवशी त्याने दहाऐवजी चार व्हिडिओ केले, आणि चारही ठिकाणी ‘नमस्कार मंडळी’ऐवजी ‘तुमचं कसं व्हायचं मंडळी’ म्हणाला. तिसऱ्या दिवशी आरशात बघून त्याने मोठ्या भावाचा चेहरा करून पाहिला. पोट साफ नसल्यासारखा दिसला. पाचव्या दिवशी घड्याळाकडे बघवेना, म्हणून त्याने खोली झाडायला काढली. कोपऱ्यातली झोपायची गादी उलटी केली आणि तो तसाच थांबला.

खोलीतली ही गादी सरांनी कुठूनशी आणलेली, जुनी, पिवळट होती. पण तिला टाके नवे होते. निनाद खाली वाकला. उजव्या हाताने टाके घालणाऱ्याची गाठ उजवीकडे वळते. बार्शीत, सोलापुरात, सगळीकडे ती उजवीकडेच वळते. ह्या गाठी डावीकडे वळलेल्या होत्या. एकसारख्या, हातभर अंतरावर, फुटपट्टी न लावता सरळ रेषेत.

डावखुरा गादीवाला निनादला एकच माहीत होता.

त्याने गादी चाचपली. कडेला एक दाभण खोचून ठेवलेलं सापडलं, त्याच्या लाकडी मुठीवर वडिलांनी तापल्या खिळ्याने कोरलेला ‘सु’ होता. गादीखाली शेंगदाण्याच्या चटणीचा वाळका कण होता. त्याने तो बेधडक तोंडात टाकला. लसूण जास्त. ऋतुजा इतका लसूण घालत नाही. इतका लसूण जगात फक्त दादाच्या बायकोच्या, म्हणजे पल्लवीवहिनींच्या चटणीत असतो.

दुपारी चारला तो अठरा तासांनी मोठा होऊन बाहेर आला आणि सरांसमोर दाभण धरलं.

“सर, दर गुरुवारी इथं कोण येतं?”

“गिऱ्हाइकाचं वेळापत्रक मी सांगत नाही,” सर म्हणाले. “नियम आहे. गुरुवारी येऊन बघायला मात्र बंदी नाही.”

गुरुवारी सकाळी दहाला दादा पिशवी घेऊन आला, तेव्हा निनाद चपलांच्या फळीशेजारी बाकावर बसला होता. दादाने त्याच्याकडे बघितलं. मग पाटीकडे बघितलं, जणू ती आजच लागली होती.

“तू इथं?”

“देवळात आलोय.”

“हं. गर्दी आहे?”

“नाही. देव आत एकटाच आहे.”

आतून सर खोकले.

दादा शेजारी बसला. पिशवीतून बाळाच्या गाद्यांच्या खोळी आणि कापसाचा पुडा डोकावत होता. वर एक डबा होता, त्याचा लसूण बाकापर्यंत येत होता.

“कधीपासून?” निनादने विचारलं.

“तुझा दुसरा सोमवार झाला त्या गुरुवारपासून.”

“दर गुरुवारी?”

“आणि मधले काही मंगळवार. चौपन्न खेपा झाल्या.”

“मी त्रेपन्न केल्या!”

“माहीत आहे. एक जास्तीची ठेवली. तू मधेच चोरून गेलास तर काय घ्या.”

निनादने मनात हिशेब केला. तो अजून धाकटाच होता. उलट पावणेसहा दिवसांनी जास्तच धाकटा झाला होता. त्याच्या खांद्यावरून डबल गादी उतरल्यासारखं झालं. मग त्याने दादाचा हिशेब केला.

“दादा, जवळजवळ वर्षभराचं आयुष्य घालवलंस तू इथं. एकट्याने. कशासाठी?”

“टाके घातले की. इथं शांत असतं. तुझं ‘नमस्कार मंडळी’ नसतं.”

“खरं सांग.”

दादाने पायाच्या अंगठ्याने फरशीवर एक रेघ ओढली. 

“तू मोठा झाला असतास तर पहिल्याच आठवड्यात फोमची एजन्सी घेतली असतीस.”

निनादने खिशावर हात ठेवला, कारण फोमवाल्याचा नंबर त्यात होता.

“आणि दुसरं म्हणजे,” दादा म्हणाला, “तू मला सर्वेश म्हणायला लागला असतास तर? त्या नावाने मला कुणीच हाक मारत नाही. मी ओ दिली नसती. तुला वाटलं असतं, रागावलाय.”

चाळीस शब्दांचा दिवसाचा कोटा सकाळी सव्वादहालाच संपला होता. दोघे भाऊ समोरच्या चपलांकडे बघत बसले.

सर दारात येऊन उभे राहिले. “दोघंही एकदमच आत गेलात तर दोघांचं वय सारखंच वाढतं आणि मधलं अंतर जराही बदलत नाही. हे मी तुम्हाला वर्षापूर्वीच सांगितलं असतं.”

“मग का नाही सांगितलंत?”

“कुणी विचारलं नाही. आणि एकाची दोन गिऱ्हाइकं झाली होती.”

दोघे आत गेले. सोमवारच्या गोंधळामुळे निनादचे पंचवीसच व्हिडिओ झाले होते, अडतीस बाकी होते. त्याने कॅमेरा लावला, दिवा लावला, सदरा चढवला. दादा म्हणाला, “तुझं चालू दे. मी जरा पाठ टेकतो, पाच मिनिटं.” आणि कोपऱ्यातल्या आपल्याच टाक्यांच्या गादीवर आडवा झाला.

निनाद कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि त्याने तोंड उघडलं. तीन हजारांहून जास्त व्हिडिओ करून झाल्यावर पहिल्यांदाच त्याला गादीबद्दल सांगण्यासारखं काहीही आठवेना. मागे दादा हळूच घोरायला लागला. वर्षभर डोळ्याला डोळा न लागू देता टाके घालणारा माणूस हात छातीवर ठेवून, तोंड किंचित उघडं टाकून झोपला होता. निनाद बाजूला सरला, दादाच्या अंगावर त्याने आपला झब्बा घातला, आणि पिशवीतली एक अर्धवट बाळगादी घेऊन भिंतीशी टाके घालत बसला. त्याच्या गाठी उजवीकडे वळत होत्या, शिवाय वाकड्याही होत्या.

दादा आठ तास झोपला. कॅमेरा बंद करायचा राहून गेला होता. निनादच्या लक्षात आलं तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लुकलुकत होता. आठ तास, दर ठोक्याला. अस्सल.

निनाद त्या ठिपक्याकडे बघत राहिला. गाद्या विकणाऱ्या सगळ्या देशाने आजवर गादीवर बोलून दाखवलं होतं. झोपून कुणी दाखवलंच नव्हतं. झोपायला वेळ कुणाला होता?

त्याने त्या आठ तासांचे तुकडे केले आणि अडतीस व्हिडिओ टाकले. कूस बदलण्याआधीचा दादा. कूस बदलल्यानंतरचा दादा. स्वप्नात ‘हं’ म्हणणारा दादा. वर एक अक्षर लिहिलं नाही, मागे गाणं घातलं नाही. लोक बघत बसले. लोक बघता बघता झोपले. नांदेडच्या एका आजींनी लिहिलं, ‘ह्या माणसाला उठवू नका.’ एका डॉक्टरांनी लिहिलं, ‘नाडी उत्तम.’ दसऱ्याच्या सकाळी बार्शीच्या नकाशावर सुरवसे गादी कारखाना इतका ठळक झाला, की शेजारचं भांड्यांचं दुकान त्याच्याखाली झाकलं गेलं आणि भांडीवाला चिडून वर आला. दादाने त्यालाही पाठ टेकायला सांगितलं. तो दुपारपर्यंत उठला नाही.

संध्याकाळी निनादने आपट्याची पानं दादाच्या हातावर ठेवली आणि तो वाकला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकला, पावणेसहा दिवसांचा फरक म्हणून.

“सोन्यासारखा राहा,” दादा म्हणाला. मग थोडं थांबून, “सोमवारी उशी घे. खोलीतली कडक आहे.”

आता सोमवारी दोघे एकत्र जातात. आत आठ तास, बाहेर वीस मिनिटं. त्रेसष्ट व्हिडिओ एका झोपेत होतात. ऋतुजा चहा टाकते तेव्हा निनाद घरातून निघतो, आणि चहा गाळून तो प्यायण्याजोगा झाला की दोघे दारात हजर. भांडणाचे मुद्दे लिहून न्यायची गरज उरलेली नाही. परत येईपर्यंत भांडण गरमच असतं. खोलीत दादा झोपतो आणि निनाद टाके घालतो. गाठी अजून वाकड्या येतात, पण दादा म्हणतो तशा गाद्या बाळांना चालतात, बाळं तक्रार करायला येत नाहीत.

परवा सोमवारी दादा मधेच जागा झाला. डोळे चोळत त्याने विचारलं, “किती वाजले रे?”

“इथले का बाहेरचे?” निनादने विचारलं.

दादाने कूस बदलली.

“जिथं जेवायला वाढलंय, तिथले.”

“अजून वाढलेलं नाही.”

“मग काहीच वाजलेले नाहीत,” दादा म्हणाला, आणि पुन्हा झोपला.